पऱ्हाट्यांची बाल्कनी

जहाजात खोली घेताना नेमकं काय पाहायचं असतं, हे सांगू शकेल असा माणूस मला यवतमाळात भेटला नाही. याबद्दल मत नसलेला माणूसही भेटला नाही.

झालं असं, की वामनराव, म्हणजे माझे यजमान, निवृत्त झाले, आणि पुण्याच्या आमच्या मुलीनं, ऋचानं, वडिलांना भेट म्हणून मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या जहाजाची सहल ठरवली. जाणार तिघं. वामनराव, मी आणि माझ्या सासूबाई. खोल्यांचे तीन प्रकार होते. एक आतली, जिला खिडकीच नाही. दुसरी खिडकीची, पण ती खिडकी उघडत नाही. तिसरी बाल्कनीची. शनिवारी दुपारपर्यंत निवड कळवायची, नाहीतर कंपनी आपण होऊन आतली खोली देणार.

ही सहल वामनरावांच्या निवृत्तीची असली तरी माझ्या मनात ती सासूबाईंची होती. सासूबाई, म्हणजे बेबीताई, बोरी अरबच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायचा आहे असं कधी बोलल्याही नव्हत्या. पण टीव्हीवर समुद्र आला की त्यांचे हात थांबत. तूरडाळ निवडत असल्या तर डाळ सुपात तशीच राही. जाहिरात लागली की हात पुन्हा चालू. मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे. एवढ्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढायला मला अडचण आली नाही.

अडचण दुसरीच होती. सासूबाईंना बंद खोलीत जीव घाबरल्यासारखं होतं. गावच्या घरी त्या जन्मभर छपरीत झोपल्या. छपरी म्हणजे घराच्या पुढची, वरून झाकलेली आणि समोरून मोकळी जागा. आमच्याकडे आल्या की त्यांची खाट बाल्कनीच्या दाराला लावलेली असते आणि दार कडाक्याच्या थंडीतही उघडं असतं. वामनराव कानटोपी घालून पेपर वाचतात.

मी सासूबाईंना जहाजाचं माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी ते लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "बियान्याच्या पाकिटावरचं बोंड बी असंच होतं."

हे त्या बोंडअळीच्या वर्षी बोलत होत्या, तेव्हा त्यावर वाद घालणं कठीण होतं. आमच्या शेतातला कापूसही अळीनं नेला होता. पाकिटावर मात्र तो अजून पांढराशुभ्र फुटलेला होता.

"आई, हे जहाज आहे. बियाणं नाही."

"मंग? छापनारा तर तोच ना वं. खोलीले छपरी हाये का?"

"आहे. तिला बाल्कनी म्हणतात."

"केवढी?"

मी चौरस फूट सांगितले. त्यांनी पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं.

"आकडा नोको सांगू मले. दाखव. छपरी पटली तर मी येतो. नाहीतर तुमी दोघं जा, मी घर राखतो."

इथं मी पहिली चूक केली. ती अगदी शास्त्रीय पद्धतीनं केली, म्हणून तिच्याबद्दल मला अजूनही पुरेसं वाईट वाटत नाही. जी वस्तू दाखवता येत नाही तिची प्रतिकृती करावी, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. तेव्हा मी खडू आणि मोजपट्टी घेऊन आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर गेले आणि बाल्कनीसह जहाजाची ती खोली खऱ्या मापात आखून काढली. पलंग, कपाट, सोफा, न्हाणीघर, सरकतं दार, आणि बाल्कनीत दोन खुर्च्यांचे दोन चौकोन. एका भिंतीच्या जागी पाण्याची टाकी येत होती, म्हणून सगळी खोली थोडी सरकवली. जहाज बांधणाऱ्यांना ही अडचण येत नसावी.

सासूबाई आल्या आणि सरळ न्हाणीघरातून चालत पलंगावर उभ्या राहिल्या.

"आई, तिथं भिंत आहे."

"कुठी?"

"ही रेघ म्हणजे भिंत."

"रेघीनं काय समजते? रेघीतून तर वारा बी येते."

हा आक्षेप बिनतोड होता. मी त्यावर विचार करत असतानाच भगवानराव आले. भगवानराव आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि सोसायटीचे सचिव आहेत. आमच्याकडे कुणी कुकर बदलला तरी सल्ल्यासाठी ते उपलब्ध असतात. त्यांनी खडूच्या दारापाशी चपला काढल्या, मग आत आले.

"मॅडम, ही गॅलरी कोणत्या तोंडाला?"

"कोणत्याही. जहाज वळेल तशी वळेल."

"तसं नाही चालत. पश्चिमेची असली तर भिंत तापते. कूलर कुठं बसवाल?"

"तिथं एसी असतो."

"एसीचं कौतुक नका सांगू. लाइट गेली मग? पूर्वेची मागा. सकाळचं ऊन, दुपारी सावली."

मी त्यांना समजावलं, की जाताना जहाज दक्षिणेकडे जाईल तेव्हा उजवीकडची बाल्कनी पश्चिमेला असेल आणि येताना तीच पूर्वेला येईल. भगवानरावांनी खडूच्या पलंगाभोवती एक फेरी मारली.

"म्हणजे घरच फिरते?" ते शेवटी म्हणाले. "मग माणसानं डोकं कुठं करून झोपावं?"

त्या संध्याकाळी हा प्रश्न सगळ्या अपार्टमेंटमध्ये चर्चेला गेला. काहींच्या मते दक्षिणेला पाय येण्याचा दोष फिरत्या घराला लागत नाही. काहींच्या मते तो अर्धाच लागतो, म्हणजे फक्त जाताना. मी खाली येऊन कंपनीला फोन केला. तिकडून एका गोड आवाजाच्या मुलीनं हिंदीत सांगितलं, की थोड्या स्वस्तातल्याही बाल्कन्या आहेत, फक्त त्यांच्यासमोर संकटकाळी वापरायची छोटी होडी टांगलेली असते. मी हे घरात सांगितलं.

"म्हंजे छपरीपुढं ट्रॅक्टर उभा करून ठेवते तसं," सासूबाई म्हणाल्या. "नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मालवाहू ऑटो फाटकात येऊन थांबला. त्यात पऱ्हाट्या होत्या. कापूस निघून गेल्यावर शेतात उरलेली झाडं, उपटून, वाळवून, भारे बांधलेली. सासूबाईंनी मला न विचारता गावाहून मागवल्या होत्या.

"कुड घालतो," त्यांनी जाहीर केलं. कुड म्हणजे काड्या विणून केलेली भिंत. गावाकडं निम्मी घरं पूर्वी तशीच असत. "भिंत कशी हाये ते मंग समजन."

मी एकच अट घातली, की पऱ्हाटीला उरलेलं एकही बोंड गच्चीवर येता कामा नये, कारण अळी त्यातच दडून राहते. मी खाली बसून एकेक काडी तपासली. त्यामुळे सोसायटीत बातमी पसरली, की देशपांडे मॅडम निवृत्तीनंतर सरपण निवडतात. माझ्या प्रतिष्ठेला लागलेला हा पहिला धक्का.

सासूबाईंचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात. कुड विणताना ते गुडघे कुठं गेले होते कोण जाणे. खडूच्या रेघेवर बरोबर भिंत उभी राहत गेली. वामनराव काड्या देत होते आणि आईकडून बोलणी खात होते.

"आडवी दे रे, आडवी! बँकेत काय केलं जन्मभर?"

"आई, बँकेत कुड नव्हते."

"म्हनूनच."

भिंती झाल्यावर त्यांना शेणानं सारवायच्या होत्या. गच्ची गळेल म्हणून मी नाही म्हणाले. तडजोड म्हणून आतून जुन्या साड्या लावल्या. पलंगाच्या जागी आमची गादी आली, सोफ्याच्या जागी भगवानरावांची आरामखुर्ची. ती त्यांनी स्वतः आणून ठेवली आणि मग तिच्यात स्वतःच बसले. बाल्कनीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. वर निळी ताडपत्री.

वामनरावांना दुपारी प्रयोग म्हणून आत झोपवलं. बाहेर उभं राहून आम्ही हवा कितपत खेळते ते पाहत होतो. हवा चांगली खेळत होती. वामनराव इतके घोरले, की टाकीवरचं कबुतर उडालं आणि दिवसभर परत आलं नाही. सासूबाई मुकाट्यानं ऐकत होत्या. त्यांची काही मतं अशी आत मुरत असतात.

संध्याकाळी त्या स्वतः आत गेल्या. दाराच्या जागी लावलेली साडी ओढून घेतली. मी बाहेर कुडाला कान लावून उभी. मी विचारलं, "आई, घाबरल्यासारखं होतं का?"

"नाई वं. इकडून वारा येते. गमते मले."

'गमणं' हा आमच्याकडचा शब्द. जिथं माणसाचं मन लागतं तिथं त्याला गमतं, आणि नाही गमलं तर राजवाड्यातही गमत नाही. सासूबाईंना गमलं, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला. शनिवारला अजून अवकाश होता. मी जिन्यावर एकटीच हसले.

यश फार मोठं झालं, ही पुढची अडचण.

सासूबाई खाली येईनातच. त्यांची दुपार तिथं, चहा तिथं, डाळ निवडणं तिथं. लोक 'बोट पाहायला' येऊ लागले. आधी आमच्या अपार्टमेंटमधले, मग गल्लीतले, मग कुणाच्या तरी उमरखेडच्या नणंदा. सासूबाई सगळ्यांना आत नेत. इथं पलंग, इथं न्हाणी, पाय पुसून ये, आणि ही छपरी.

"अन् समोर समुद्र," त्या हात लांब करून सांगत. उमरखेडच्या नणंदा पश्चिमेकडं माना उंचावून पाहत आणि "हो ना बाई" म्हणत.

त्या वर्षी कुणाच्या घरात सांगण्यासारखं फारसं नव्हतं. आल्यागेल्याशी बोलताना कापसाचा विषय निघायचा आणि तिथंच बोलणं बसून जायचं. गच्चीवर मात्र लोक खुर्चीत बसून गोव्याला किती वेळ लागतो ते विचारत होते. हे मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू. पण शुक्रवारी मी सासूबाईंना म्हणाले, "आई, उद्या ऋचाला कळवायचं. बाल्कनीची सांगते."

त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कायले, मंजू? मले इथंच गमते. तुमी दोघं जाऊन या. मी हे राखतो."

मी खाली आले. वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तू मॉडेल जरा वाईट करायला हवं होतं." इतकं बरोबर बोलण्याची त्यांना सवय नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. मी सासूबाईंना समुद्र दाखवायला निघाले होते, आणि त्या बदल्यात त्यांना गच्चीवर एक झोपडी बांधून दिली होती. जेवताना टीव्हीवर कसलीशी मासेमारीची बातमी लागली. सासूबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी एका कार्यालयातून, ज्याचं नाव मी घेणार नाही, लालसिंग राठोड नावाचे एक तरुण अभियंते आले. हातात फाइल, टेप आणि चेहऱ्यावर संकोच.

"मॅडम, गच्चीवर बाल्कनीसह बांधकाम चालू असल्याचं आमच्याकडं आलं आहे. पंचनामा करावा लागेल."

तक्रार कुणी केली हे विचारायची वेळच आली नाही. भगवानराव मागून जिना चढत येत होते, प्रसन्न चेहऱ्यानं.

"तक्रार नाही मॅडम, अर्ज केला मी! म्हटलं, एवढं चांगलं झालं आहे, तर नियमित करून घ्यावं. उद्या कुणी आक्षेप घेतला तर?"

आक्षेप घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून भगवानरावांनी कार्यालयालाच बोलावलं होतं. नियमात बसवण्याच्या प्रेमापोटी आमच्या पिढीनं काय काय पाडून घेतलं आहे, यावर वेगळा लेख होईल.

लालसिंगनी टेप लावला. मापं घेतली. "मंजूर नकाशा आहे का?"

मी माहितीपत्रक पुढं केलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं.

"हा तर जहाजाचा आहे."

"हे जहाजच आहे."

"मंजुरी कुणाची?"

"ज्या देशात जहाजाची नोंद असेल त्या देशाची."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गंभीर होते. शाळेतही मी विनोद करत नसे, आणि आता सुरुवात करायला हा प्रसंग योग्य वाटला नाही. त्यांनी 'बांधकामाचे स्वरूप' या जागी थोडा वेळ पेन टेकवून ठेवलं आणि मग ती जागा मोकळीच सोडली.

"आता चतुःसीमा," ते म्हणाले. म्हणजे बांधकामाच्या चारी बाजूंना काय आहे ते.

हा शब्द ऐकताच छपरीत बसलेल्या सासूबाई ताठ झाल्या. शेतवाल्या माणसाला चतुःसीमा विचारली की तो तसाच ताठ होतो. आपल्या शेताच्या चारी बाजू त्यांना झोपेतही पाठ आहेत, नाल्यासकट आणि नाल्यापलीकडच्या बाभळीसकट.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पूर्वेले पान्याची टाकी."

"पाण्याची टाकी," लालसिंगनी लिहिलं.

"उत्तरेले जिना. दक्षिनेले या भगवानरावाची डिश."

भगवानरावांनी मान लववली.

"पश्चिमेले समुद्र."

लालसिंगचं पेन थांबलं. ते उभे राहिले, पश्चिमेकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आजी, पश्चिमेला गोधड्या वाळत घातल्या आहेत. पंचनाम्यात मले दिसन तेच लिहिता येते."

वाऱ्यानं गोधड्या हलत होत्या. सासूबाईंनी इतके दिवस तिकडं हात दाखवला होता, पण बहुतेक आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि मला त्या टेपवाल्या मुलाचा राग आला. पण मग त्या म्हणाल्या,

"बरोबर बोलला तू. चतुःसीमा खोटी लिवू नाई. शेजारच्याचं नाव चुकीचं सांगितलं तर सात पिढ्या कोर्टात जातात. गोधड्या लिव."

लालसिंगनी 'गोधड्या' लिहिलं. सासूबाईंनी सही केली. त्या अंगठा देत नाहीत, सही करतात. मग छपरीच्या खुर्चीवरून उठून माझ्याकडं वळल्या.

"मंजू, त्या पोरीले फोन लाव. मले समोर खरा समुद्र पाहू दे एकदा. किती वाजले?"

मी धावत खाली गेले. आयुष्यात मी जिन्यावरून धावले नव्हते. ऋचा फोनवर वैतागली होती, कारण मुदत संपत आली होती आणि बाल्कनीची एकच खोली उरली होती. त्यात तिसरी खाट बसत नव्हती. तिसऱ्या माणसाला आतली खोली, बिनखिडकीची. कोण कुठं, ते लगेच सांग.

मी फोन धरून तशीच गच्चीवर परत गेले आणि पेच सगळ्यांसमोर मांडला. वामनरावांनी उदारपणे सुचवलं, "आई आणि मी बाल्कनीत. तू..."

"तू घोरते," सासूबाई म्हणाल्या. इतके दिवस मुरलेलं मत एका वाक्यात बाहेर आलं. "छपरीत मी अन् मंजू. तुले आतली खोली."

"अगं, पण सहल माझ्या निवृत्तीची आहे!"

"म्हनून तर. आराम कर. अंधारात झोप चांगली लागते."

भगवानरावांनी आतल्या खोलीला दिशेचा दोष सगळ्यात कमी असतो, असं सांगून वामनरावांचं सांत्वन केलं. लालसिंगनी 'सदर बांधकाम तात्काळ काढावे' अशी नोटीस माझ्या हातात दिली आणि जाताना विचारलं, "मॅडम, या बोटीचं बुकिंग कुठं करतात? माझ्या आईलाही..." मी त्यांना माहितीपत्रक दिलं. नकाशा म्हणून ते नाहीतरी चाललंच नव्हतं.

झोपडी सासूबाईंनीच सोडवली, पाहुणे गेल्यावर अंथरूण काढावं तितक्या सहज. पऱ्हाट्या खालच्या गल्लीत सरपणाला गेल्या. गच्चीवर खडूच्या रेघा काही दिवस राहिल्या आणि लोक त्यांना वळसा घालून कपडे वाळत घालत राहिले.

बोटीवर चढताना, सामान तपासताना, लिफ्टमध्ये, सासूबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. लिफ्टमध्ये त्यांनी डोळे मिटले. खोलीत शिरल्यावर न्हाणीघराकडं पाहिलंही नाही. सरळ सरकत्या दाराकडं गेल्या. दार जड होतं. आम्ही दोघींनी मिळून ओढलं आणि वारा असा आत आला, की त्यांचा पदर माझ्या तोंडावर आला. तो बाजूला करेपर्यंत त्या बाहेर खुर्चीत बसल्याही होत्या.

किनारा मागं पडला. इमारती गेल्या, मग होड्या गेल्या, मग काहीच उरलं नाही. मी लाटांबद्दल काही सांगावं अशी त्यांची अपेक्षा असेल असं वाटून मी तोंड उघडलं. लांबी, उंची, वेग, सगळं मला येतं. पण पुन्हा मिटलं.

"हे तर सरतच नाही वं," त्या खूप वेळानं म्हणाल्या.

"नाही, आई."

"चाललंच हाये."

"हो."

त्या हसल्या. मग दोघी नुसत्याच बसलो.

तेवढ्यात खोलीचं दार वाजलं. मग पुन्हा वाजलं. वामनरावांचा आवाज आला, "अगं उघडा ना! माझ्या खोलीत दिवस आहे की रात्र तेसुद्धा कळत नाही. मला पण पाहायचा आहे!"

मी उठायला लागले. सासूबाईंनी समुद्रावरची नजर न काढता माझा हात धरून मला खाली बसवलं आणि तिथूनच खणखणीत आवाज दिला,

"थांब ना बाप्पा! आमी पाहून राह्यलो!"

मग मला हळूच म्हणाल्या, "बस वं. समुद्र कुठी चालला? अन् वामन बी."